तुंबवलेली म्हैस आणि मी

बाळंतिणीला भेटायला येणारा प्रत्येक माणूस आधी बाळाला बघतो. ते बरोबरच आहे, बाळ बघण्यासारखंच असतं. मग कुणीतरी विचारतं, "दूध येतं ना भरपूर?" येतं म्हटलं की सगळे निवांत होतात आणि चहाकडे वळतात. त्या भरपूर दुधाने बाईचं काय होतं, हे विचारायचं कुणाच्या मनात येत नाही.

मागच्या महिन्यात माझी नात बाळंत झाली. शिकलेली पोरगी, सगळं वाचून-बघून तयार होती. आणि एके दिवशी पाहिलं तर न्हाणीघराचं दार लावून आत रडत बसलेली. मी दार वाजवलं. म्हणाली, "आजी, छातीचे दगड झालेत, आणि बाहेर सगळे म्हणतायत नशीबवान आहेस." तिला मी जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. सातवी झाली आणि लग्न झालं, एवढंच माझं शिक्षण. सोसलं तेवढं सांगते. हे वाचणाऱ्या बाईला ताप भरला असेल, छातीवर लाल चट्टा उठला असेल, तर तिने हे वाचत बसू नये. आधी दवाखाना गाठावा. मी कुठे पळून जात नाही.

चीक

साल बहात्तरचं, दुष्काळाचं. पावसाळा कोरडाच गेला होता आणि थंडी पडली होती. मी पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आले होते. माहेर घोडेगावाजवळ एका वस्तीवर. माझे वडील, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो, शेती करायचेच, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख म्हशींचा जाणकार म्हणून. घोडेगावच्या बाजारात म्हैस विकायची असली की लोक आदल्या दिवशी ती आमच्या दारात आणून बांधत. तात्या ती बाजारात उभी करत, गिऱ्हाईक गाठत, सौदा जुळवत.

या धंद्याची एक रीत होती. बाजाराच्या आदल्या दिवसापासून म्हशीचं दूध काढायचं नाही. पारडू लांब बांधायचं. मग कास फुगते, सड ताठ होतात, आणि गिऱ्हाईक बघूनच खूश होतं. याला म्हैस तुंबवणं म्हणतात. सगळे करत, तात्याही करत. मी लहानपणापासून ते बघत आले होते आणि त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

मुलगी झाली. काळीसावळी, भरपूर जावळाची. घरात आई होती आणि तात्यांची थोरली बहीण, माझी आत्या. आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. घरातलं बाळंतपण तिच्या हातचं आणि शब्दही तिचाच चालायचा. तिने बाळाला मधाचं बोट चाटवलं, गुळाचं पाणी कापसाच्या बोळ्याने तोंडात सोडलं, आणि मला सांगितलं, "तीन दिस पाजायचं न्हाई. पैलं दूध चिकाचं असतंय. जड पडतंय लेकराला."

तो पिवळा, दाट चीक तिने माझ्याकडून वाटीत काढवला आणि बाहेर शेवग्याच्या बुंध्याशी ओतला. बाईचं दूध पायदळी जाऊ नये म्हणून झाडाला द्यायचं, अशी पद्धत. आता हसू येतं. म्हैस व्याली की तिच्या चिकाचा खरवस करून आम्ही साऱ्या वस्तीवर वाटायचो आणि चाटूनपुसून खायचो. बाईचा चीक मात्र शेवग्याला. त्या वर्षी शेवगा तेवढा हिरवा होता म्हणायचा.

दगड

मग दूध उतरलं. उतरलं म्हणजे काय, धाडच पडली. सकाळी उठले तर छाती माझी राहिलीच नव्हती. दोन्हीकडे कडक, तापलेली, कातडी ताणून चकाकायला लागलेली. काखेपर्यंत गाठी. हात अंगाला टेकवता येईना, चोळीची गाठ मारता येईना, कुशीवर वळता येईना. पदर घासला तरी डोळ्यांत पाणी.

बाळाला घेतलं. तिला सवय लागली होती बोळ्याची, आयतं तोंडात पडायची. इथे तर तोंडात धरायलाच काही मिळेना. भिंतीला तोंड लावल्यासारखं तिचं तोंड घसरायचं. ती चिडायची, लाल व्हायची, रडून रडून दमायची आणि उपाशीच झोपायची. मला वाटायचं, माझ्यात काहीतरी कमी आहे. इतर बायका शेताच्या बांधावर बसून पाजतात, आणि मला चार माणसं मदतीला असून जमत नाही.

आत्या म्हणाली, "आगं, घाई करू नको. साठू दे. चांगलं तट्ट भरलं म्हंजे आपसूक धार लागंल, लेकरू एका दमात पोट भरंल." आईलाही ते पटलं. मलाही पटलं. म्हशींच्या घरातली माणसं आम्ही. भरलेली कास म्हणजे चांगली कास, हेच डोळ्यांपुढे.

वरून खाणं. दुष्काळात कुणाच्या घरी धड भाकरी नव्हती, पण आईने माझ्यासाठी अळीव आणि गूळ कुठून कुठून जमवून ठेवला होता. दूध यावं म्हणून सकाळी अळिवाची खीर, दुपारी डिंकाचा लाडू, संध्याकाळी परत खीर. मी "नको" म्हटलं की आईचा चेहरा उतरायचा. मग मी खायची. सगळ्यांची माया माझ्या छातीत जाऊन साठत होती आणि बाहेर यायला वाट नव्हती.

पुढे एक दिवस हुडहुडी भरली. दात वाजायला लागले, अंगावर दोन गोधड्या टाकल्या तरी थंडी जाईना. डाव्या बाजूला तळहाताएवढा लाल चट्टा उठला होता. हात लावला तर तव्यासारखा तापलेला.

डबा

ताप बघितला आणि आत्याने बाळ माझ्याजवळून उचललंच. "तापाचं दूध लेकराला इख असतंय," म्हणाली. माझी छाती फडक्याने करकचून आवळून बांधली. आमची म्हैस आटली होती, म्हणून शेजारच्या वस्तीवरून वाटीभर म्हशीचं दूध आणलं, त्यात पाणी घातलं आणि बोळ्याने पाजायला लागली. ते पाणी कसलं, विहिरीच्या तळातलं, गढूळ. बाळाला जुलाब सुरू झाले. तिचे गाल दोन दिवसांत बसले. रडण्याचा आवाजही बारीक झाला. आधी तिच्या रडण्याचा मला त्रास व्हायचा. आता ती रडत नाही याची भीती वाटायला लागली.

मी आत्याशी भांडले नाही. भांडायला अंगात त्राण नव्हतं हे एक, आणि दुसरं आईने मला हळूच सांगितलं होतं. आत्यालाही एक मुलगा झाला होता. तिला बाळंतपणात ताप आला, तशातच ती पाजत राहिली, आणि ते बाळ गेलं. सासरच्यांनी तिच्या तोंडावर सांगितलं होतं, तुझ्या दुधानं गेलं. तिने ते आयुष्यभर खरं मानलं होतं. तिच्यावर रागवायचं तरी कसं?

अशात हे आले. माझे यजमान राहात्याला कापडाच्या दुकानात कामाला होते, सुट्टी काढून बाळ बघायला आले. हातात नगरहून मिळवलेला दुधाच्या पावडरीचा डबा. तेव्हा तो मिळवणं सोपं नव्हतं. मोठ्या कौतुकाने त्यांनी तो पुढे केला आणि मी एकदम भडकले.

"म्हणजे माझं दूध नासलं, असं तुम्हालाही वाटतंय ना?"

ते बिचारे डबा हातात धरून उभेच राहिले. "मला त्यातलं काही कळत नाही गं. बाळ उपाशी आहे एवढं कळलं, म्हणून आणला."

मी तोंड फिरवलं. रडू येत होतं, पण हुंदका दिला की छातीत कळ जायची, म्हणून धड रडताही येत नव्हतं. ते बाहेर गेले आणि ओसरीवर बसलेल्या तात्यांना म्हणाले, "मामा, हिला सोनईच्या दवाखान्यात न्यायला पाहिजे." आत्या आतून म्हणाली, "अशा ओल्या बाळंतिनीला भाईर न्यायचं व्हय?" तात्या उठले आणि गाडी जुंपायला लागले.

सोनईचा रस्ता

तो रस्ता मी विसरणार नाही. गाडीत तळाला कडबा, त्यावर गोधडी. आईच्या मांडीवर बाळ. मी दोन्ही हात पदराआड धरून छाती सांभाळत बसलेली. चाक दगडावर चढलं की माझा जीव जायचा. तात्यांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही. बघायची रीत नव्हती. पण पुढे दगड दिसला की ते बैल थांबवायचे, खाली उतरायचे, दगड उचलून बांधावर टाकायचे आणि परत गाडीवर बसायचे. सोनई येईपर्यंत हेच चाललं होतं. मागे बसून हे म्हणाले, "मामा, उशीर होईल." तात्या म्हणाले, "व्हऊ द्या."

दवाखान्यात एक नर्सबाई होत्या, चाळिशीच्या, हसतमुख. त्यांनी पडदा ओढला, आवळून बांधलेलं फडकं सोडलं आणि हात लावायच्या आधी विचारलं, "कुठं कुठं दुखतंय बाळा?" बाळंत झाल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. माझा बांधच फुटला. त्यांनी मला रडू दिलं. मग हात गरम करून सगळीकडे हळू दाबून बघितलं आणि पडद्यापलीकडे उभ्या असलेल्या डॉक्टरांना एकेक सांगितलं.

डॉक्टर पलीकडूनच म्हणाले, "पू झालेला दिसत नाही अजून. इंजेक्शन आणि गोळ्या देतो. पण नुसत्या औषधाने व्हायचं नाही, दूध निघालं पाहिजे. गाठ अशीच राहिली तर गळू होईल, मग नगरला नेऊन कापावं लागेल."

कापावं लागेल, हे ऐकल्यावर पुढचं मला काही ऐकू येईना. वस्तीवरच्या एका बाईचं तसं झालं होतं. तिची एक बाजू कायमची बसली होती आणि बाळ काही जगलं नव्हतं. मला वाटलं, आता माझं तसंच होणार.

नर्सबाईंनी माझी हनुवटी धरून माझं तोंड वर केलं. "इकडं बघ. पाजणं थांबवायचं नाही. तापात चालतं. दुखऱ्या बाजूलासुद्धा पाजायचं. आधी कोमट फडक्याने शेक, मग हाताने थोडं काढ, पुढचा भाग मऊ झाला की बाळाला दे. पाजून झालं की गार फडकं ठेव. आणि हे आवळून बांधणं बंद." त्यांनी स्वतःच्या हाताने एकदा करून दाखवलं. चार थेंब आले. तेवढ्यानेही मला घाम फुटला.

आपलं लेकरू

घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. आत्याने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नर्सबाईला काय जातंय सांगाया? लेकरू आपलं हाय." आणि बाळाला घेऊन कोपऱ्यात जाऊन बसली.

हे दुकानामुळे राहात्याला परत गेले. डबा न उघडताच फळीवर राहिला, आणि बाळाला बोळ्याने तेच पाणी घातलेलं दूध चालू राहिलं. आई माझ्याकडे बघायची, आत्याकडे बघायची आणि चुलीकडे जायची. तिला नर्सबाईंचं पटलं होतं, पण नणंदेपुढे तिने कधी शब्द काढला नव्हता. मी गोळ्या घेत होते. मोरीत जाऊन हाताने काढायचा प्रयत्न करत होते, पण कळ यायची आणि हात गळायचे. ताप उतरायचा, चढायचा. गाठ तिथेच.

आता सगळा प्रश्न एवढाच होता. ही गाठ आधी मऊ होते, का माझं बाळ आधी जातं. घरातलं प्रत्येक माणूस हे जाणत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं.

म्हैस

अशातच एका दुपारी ओळखीचा शेतकरी म्हैस घेऊन आला. दुष्काळात लोक जनावरं विकायला काढतच होते. म्हैस बरी होती, व्यालेली, पोटाशी पारडू. तिला माझ्या खोलीच्या खिडकीखाली बांधली, पारडू पलीकडे लिंबाला. "कालपास्नं पिळलेली न्हाई," तो तात्यांना म्हणाला. "उद्या बाजारात बघनारा बघतच राहील." आणि गावात कुणाकडे तरी गेला.

ती म्हैस ओरडायला लागली. मी बाजेवरून खिडकीतून बघितलं. मागचे पाय फाकवून उभी होती. एक पाय उचलायची, टेकवायची, दुसरा उचलायची. खाली बसायला जायची आणि कास जमिनीला लागली की धडपडून उठायची. पारडू दाव्याला हिसके देत होतं. ती त्याच्याकडे बघून हंबरायची.

लहानपणापासून शंभरदा बघितलेलं ते. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की ती का ओरडते.

"आई," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना, "तिला आणि मला सारखंच दुखतंय गं. तिला उद्या नवा मालक तरी पिळंल. मला कोण सोडवनार?"

ओसरीवर तात्या दावं वळत बसले होते. मधे भिंत होती, पण खिडकी उघडी होती. दावं वळण्याचा आवाज थांबला.

मग मी बघितलं, तात्या अंगणात गेले. थोडा वेळ म्हशीजवळ उभे राहिले. तिच्या पाठीवर हात फिरवला, वाकून कास बघितली. नंतर लिंबापाशी जाऊन त्यांनी पारडू सोडलं. ते धावतच आलं आणि ढुशा द्यायला लागलं, पण सड इतके ताठले होते की त्याला धरता येईना. तात्यांनी आईला हाक मारली.

"आगं, कोमट पानी आन. आन फडकं."

आईने पाणी नेलं. तात्या उकिडवे बसले आणि कास शेकायला लागले. शेकता शेकता बोलायला लागले. नेहमी दोन शब्दांवर तिसरा न बोलणारा माणूस, पण त्या दिवशी खिडकीकडे पाठ करून, चांगलं मोठ्याने बोलत होते.

"तुंबलेल्या जनावराला एकदम न्हाई पिळायचं. आदी शेकायचं. मंग वरनं खाली, हळू हात फिरवायचा. म्होरच्या चार धारा हातानं काढायच्या, सड मऊ हुतो. मऊ झाला की मंग पारडू लावायचं. कडक सडाला ते धरतच न्हाई. त्यात पारडाची चूक न्हाई." थोडं थांबून म्हणाले, "म्हशीचीबी न्हाई."

आई म्हणाली, "म्हशीचं सांगताय व्हय?"

"म्हशीचंच सांगतूय," तात्या म्हणाले. "आन जितकं काढशील तितकं मोकळं हुतंय. ठिवलं की नासतंय. मी ठिवायला लावतो ते बाजारासाठी. घरच्या जनावराला कुनी आसं करतंय का?"

आत्या कोपऱ्यात बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग बाळाकडे. बाळ डोळे अर्धे मिटून पडलेलं होतं. आत्याने ते उचललं आणि माझ्या कुशीत ठेवलं.

"पानी मी ठेवते," ती उठत म्हणाली. "तुझ्या आईला कोमट कशाला म्हनत्यात तेबी कळायचं न्हाई."

धार

शेकलं. आत्या फडकं पिळून द्यायची, आई माझी पाठ धरून बसलेली. नर्सबाईंनी दाखवलं तसं काखेकडून पुढे हात फिरवला. पहिल्यांदा काहीच नाही. मग एक दाट थेंब. मग चार. दुखत होतं, खोटं सांगत नाही, ओठ चावून रक्त आलं. आणि एकदम, कुठलीतरी गाठ सुटल्यासारखी, बारीक धार वाटीत पडली. तिचा आवाज आला. आम्ही तिघी एकमेकींकडे बघायला लागलो.

पुढचा भाग मऊ झाला होता. बाळाला जवळ घेतलं. तिने तोंड लावलं, घसरलं, परत लावलं. आत्याने दोन बोटांनी तिची हनुवटी खाली ओढली आणि म्हणाली, "धर गं माझी बाय, धर." आणि तिने धरलं. आधी नुसतं ओढत राहिली, मग गुटुक. मग थांबून परत गुटुक. मग गुटुक गुटुक चालूच. तिच्या घशातून उतरणारं दूध मला दिसत होतं. पाठीतून, खांद्यातून काहीतरी सैल होत खाली चाललं होतं. मी रडत होते, आई रडत होती. आत्या रडत नव्हती, ती वाटीतलं दूध घेऊन शेवग्याकडे निघाली होती, पण दारापर्यंत जाऊन तिथेच थांबली.

बाहेर तात्या खाकरले.

संध्याकाळी म्हशीचा मालक आला आणि बोंबललाच. "तात्या, कास रिकामी!"

"पारडू सुटलं वाटतं," तात्या म्हणाले.

"सुटलं? दावं तर तुमच्या हातात हाय!"

तात्यांनी हातातल्या दाव्याकडे बघितलं. "तेच म्हनतोय मी," म्हणाले आणि घरात आले.

बारसं

एका दिवसात सगळं बरं झालं असं नाही. पुढचे कित्येक दिवस शेकणं, काढणं, पाजणं, गार फडकं, परत शेकणं. माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवलेलं फडकं छातीवर टाकलं की काय बरं वाटायचं, ते सुख मला अजून आठवतं. गोळ्या पूर्ण घेतल्या. बाळाचे जुलाब थांबले. लाल चट्टा फिका झाला, गाठ लिंबाएवढी झाली, मग बोराएवढी, मग एके सकाळी शोधूनही सापडली नाही. नगरला जावं लागलं नाही.

बारशाला नर्सबाई आल्या. तुम्ही आमच्या बोलावण्याला मान दिलात, असं आत्या त्यांना म्हणाली, तेही अगदी शुद्ध भाषेत. घरात चहाला दूध नव्हतं. आत्याने फळीवरचा पावडरीचा डबा काढला आणि त्याचा चहा करून साऱ्या बायकांना पाजला. बायका म्हणाल्या, दुष्काळात असला घट्ट चहा फक्त तुमच्याकडे. यांना हे कळवलं तेव्हा ते खूश झाले, डबा अगदीच वाया गेला नाही म्हणून. मीही त्यांच्यावर भडकल्याबद्दल दोन बरे शब्द कळवले. चांगला माणूस, त्याला कळत नव्हतं एवढंच, आणि कुणाला कळत होतं?

नर्सबाई निघाल्या तेव्हा आत्या त्यांना पोचवायला शेवग्यापर्यंत गेली. मी दारात होते. आत्याने त्यांना विचारलं, "बाई, तापात पाजलं तर लेकराला काई हुत न्हाई, हे खरं का?"

"खरं."

"लई वर्सांपूर्वीबी खरं हुतं का?"

नर्सबाईंना काही माहीत नव्हतं, पण बाईला बाईचं समजतं. त्यांनी आत्याचा हात धरला. "तेव्हाही खरंच होतं आत्याबाई. दुधानं काही झालं नव्हतं." आत्या आत आली तेव्हा तिने बाळाला मागून घेतलं आणि दिवस मावळेपर्यंत खाली ठेवलं नाही.

म्हणून आता दूध साठलेल्या बाईला मी एवढंच सांगते. दूध साठवू नकोस, वाहू दे. पहिलं दूध टाकू नकोस, तेही बाळाचंच आहे. आणि तुझं दुखणं कुणाला तरी मोठ्याने ऐकू जाऊ दे.

पुन्हा तीच खोली

दुसऱ्या खेपेला मी परत माहेरीच आले. तोपर्यंत पाऊसपाणी झालं होतं, वस्तीवर हिरवं दिसत होतं. मुलगा झाला, आणि आत्याने तो जन्मल्या जन्मल्या माझ्या छातीशी आणून लावला. चीक वगैरे शब्दही काढला नाही. तात्यांशी त्या दुपारबद्दल मी कधीच बोलले नाही. त्यांनीही कधी विषय काढला नाही. बाप-लेकीत असलं बोलणं तेव्हा नव्हतंच.

एके दिवशी मी त्याच बाजेवर बाळाला घेऊन पडले होते. अंगणात कुणीतरी बाजारासाठी म्हैस घेऊन आलं. तात्यांचा आवाज आला.

"पिळून आनलीय का?"

"न्हाई तात्या, उद्या बाजार हाय की. तुंबवलीय चांगली."

"मंग ही बादली घे आन मोकळी कर तिला. त्याबिगर माझ्या दारात बांधायची न्हाई."

"आवो, आसं काय करता? गिऱ्हाईक काय बघनार?"

"घरात लेक बाळंतीन हाय माझी," तात्या म्हणाले. "तिला ऐकू जातंय."

थोड्या वेळाने बादलीत धारा पडायचा आवाज यायला लागला. मी आईकडे बघितलं आणि म्हणाले, "माझ्यापायी तात्या गिऱ्हाईक घालवतील गं."

आई बाळाची दुपटी घडी करत होती. वर न बघता म्हणाली, "आगं, तू राहात्याला असतीस तवाबी हेच सांगत्यात."